चौसष्टची लाइन

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ज्या गाळ्यात मी कामाला लागले, तिथे पूर्वी आमरसाचे डबे भरत. माश्या येऊ नयेत म्हणून त्या हॉलला खिडकी ठेवलेलीच नव्हती. आमच्या मालकांनी तो भाड्याने घेतल्यावर भिंतींना पांढरा रंग दिला, वर फॉल्स सीलिंग घातलं, दोन मोठे एसी बसवले. तरी हवा दमट असली की एका कोपऱ्यातून आंबूस गोड वास यायचाच. आम्ही दहा-बारा जणी कानांवर हेडफोन चढवून आणि पायाखाली आवाज थांबवायचं-चालवायचं पॅडल घेऊन बसायचो. अमेरिकेतल्या एका इस्पितळातले डॉक्टर रुग्णांबद्दल जे बोलून ठेवत, ते ऐकून टाइप करून परत पाठवायचं, हे आमचं काम. दोन हजार सालाच्या आसपास हा धंदा गावोगाव निघाला होता, आणि रत्नागिरीत आमच्या मालकांनी तो मोठ्या हौसेने आणला होता.

मालकांना सगळे भाई म्हणत. खाडीपलीकडच्या गावातले, तरुणपणी आखातात गेले आणि तिथल्या एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात पंचवीसेक वर्षं काढून परत आले. इंग्रजी उत्तम, आवाज हळू, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही. माझे वडील कोर्टात कारकून होते आणि शाळेत भाईंच्या बाकावर बसलेले. मी बीएस्सी झाले तेव्हा मला पुण्याला एमसीएला जायचं होतं. वडील म्हणाले, दोन वर्षं याच्याकडे काढ, अनुभव मिळेल, गाडी घरापासून नेते-आणते, मग पुण्याचं बघू. भाईंकडे दोन वर्षांचा करार करावा लागे आणि मूळ गुणपत्रिका त्यांच्या कपाटात ठेवाव्या लागत. माझ्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून वडिलांनी स्वतःच्या हाताने त्यांना दिल्या. दोघांनी चहा घेतला, जुन्या मास्तरांच्या गोष्टी काढल्या. मी शेजारी बसून फोल्डरकडे बघत होते. मूळ गुणपत्रिकांशिवाय पुण्यात कोणी प्रवेश देत नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

सुरुवातीचे महिने शिकण्यात गेले. नमुन्याची रेकॉर्डिंग तिकडून सीडीवर कुरियरने आली होती. डॉक्टरांचे उच्चार, औषधांची नावं, आजारांची नावं हे सगळं आम्ही त्यावरच घोटलं. काम पसंत पडलं आणि करार झाला. मग लाइन आली. टेलिफोनच्या माणसांनी कातळात खांब रोवून आमच्या गाळ्यापर्यंत तार ओढली, हॉलमधल्याच काचेच्या केबिनमध्ये मोडेम बसवला. भाईंनी पेढे वाटले. लाइन चौसष्टची होती. चौसष्ट म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही, पण आकडा भारदस्त वाटला. घरच्या फोनवर तारांबळ करत इंटरनेट लावणाऱ्यांपुढे आम्ही म्हणजे कुठच्या कुठे.

खरं काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात सगळं अडकलं.

तिकडचा दिवस संपला की डॉक्टरांची रेकॉर्डिंग ते एकदम चढवून ठेवत. आपली तेव्हा सकाळ. त्यांचं इस्पितळ पुन्हा उघडायच्या आत, म्हणजे आपल्या संध्याकाळपर्यंत, टाइप केलेलं सगळं परत जायला हवं. भाईंनी हिशेब केला होता की सकाळी आम्ही येईपर्यंत फायली उतरून तयार असतील. प्रत्यक्षात आम्ही येऊन बसायचो तेव्हा एखादी फाइल आलेली असायची, दुसरी रांगत असायची. दुपारपर्यंत निम्म्याजणी हेडफोन गळ्यात अडकवून नुसत्या बसलेल्या. बाहेर जायचं नाही, कारण फाइल कधीही येईल. पुस्तक वाचायचं नाही, कारण हॉलमध्ये कागद न्यायलाच बंदी होती. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून तिकडच्यांची ती अट होती. त्याच अटीपायी हॉलच्या लोखंडी दाराला बाहेरून कडी असे. आतून ठोकलं की वॉचमन उघडायचा. आणि मग संध्याकाळी, जेव्हा घरी जायची वेळ, तेव्हा फायलींचा ढीग उतरलेला असायचा. सगळं टाइप होईपर्यंत गाडी सुटायची नाही. अंधार पडल्यावर मिरजोळ्याहून शहरात यायला दुसरं वाहन नव्हतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसायच्या. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, नवरा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात, घरी वर्षाचा मुलगा, सासूजवळ ठेवलेला. टायपिंगमध्ये आमच्यात सगळ्यात वेगवान त्याच. मी त्यांना वहिनी म्हणायचे. दिवस कलला की त्या पदराखाली हात घेऊन पुढे वाकून बसत. आधी मला वाटलं एसीची थंडी लागते. मग एकदा त्यांनीच हळूच सांगितलं की दूध भरून येतं, दुखतं.

भाईंचा संशय टेलिफोनवाल्यांवर होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फाइल उतरताना वेग दिसायचा, सात, कधी साडेसात. चौसष्ट सांगून साडेसात देतात, म्हणजे चक्क फसवणूक. त्यांनी तक्रार केली. एक लाइन इन्स्पेक्टर येऊन यंत्र लावून गेला. लाइन ठणठणीत आहे म्हणाला. भाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं तेव्हा, साहेब ते बिट आणि हे बाइट, एवढंच बोलून त्याने स्कूटरला किक मारली.

भाई हॉलमध्ये आले आणि सायन्सची कोण आहे, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

केबिनमध्ये मी त्यांना सांगितलं, "भाई, टेलिफोनवाले वेग बिटमध्ये मोजतात. आपला कॉम्प्युटर फाइल बाइटमध्ये दाखवतो. आठ बिट मिळून एक बाइट. चौसष्टला आठाने भागा."

"आठ."

"त्यातलं थोडं लाइनच्या स्वतःच्या कामात खर्च होतं. म्हणून साडेसात."

ते मोडेमच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघत म्हणाले, "म्हणजे लाइन बरोबर आहे."

"हो."

"चूक माझी झाली."

मग त्यांनी पुढचं विचारलं, आणि ते विचारलं नसतं तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. डॉक्टर एक तास बोलला, तर ते बोलणं इथे यायला किती वेळ लागेल? मी फाइलवर जाऊन तिची माहिती उघडली. आवाज सेकंदाला आठ हजार वेळा टिपलेला, दर वेळी सोळा बिट. आठ हजार गुणिले सोळा, एक लाख अठ्ठावीस हजार बिट. म्हणजे एकशे अठ्ठावीस किलोबिट. आणि लाइन चौसष्टची. आवाज लाइनच्या बरोबर दुप्पट. डॉक्टर तासभर बोलला की त्याचं बोलणं रत्नागिरीला पोचायला दोन तास, तेही मध्ये लाइन तुटली नाही तर. तुटली की ती फाइल पुन्हा पहिल्यापासून. रोजचं बोलणं सहा तासांचं होतं. मी कागदावर बारा लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

भाईंनी तो कागद घडी करून खिशात घातला. त्यांनी कराराच्या वेळी सगळा हिशेब आठपट वेग धरून केला होता. मोठी लाइन मागायची तर ती यायला वर्ष लागेल, असं टेलिफोन ऑफिसात सांगत होते.

मी त्यांना एक उपाय सुचवला. तिकडच्यांना म्हणावं, आवाज दाबून, म्हणजे फाइल आकाराने लहान करून, पाठवा. दाबलेल्या आवाजाला सेकंदाला तेराच किलोबिट लागतात, असं मी कॉलेजच्या मासिकात वाचलं होतं. ऐकायला थोडा खरखरेल, पण टेलिफोनवर ऐकू येतं तितपत येईल. भाईंनी मान हलवली. "नाय गो बाय. करार केल्यावर आता हे विचारलं, तर त्यांना काय वाटेल? ह्यांना काय कळतच नाय." आखातात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली मान खाली घालून काढलेला माणूस. परत आल्यावर पहिल्यांदा परदेशातल्या कोणाशी बरोबरीने सही केली होती. ते मला तेव्हा कळलं नाही, मला तो नुसता हट्ट वाटला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला टायपिंगवरून काढून केबिनमध्ये बसवलं. लाइन तुटली तर लगेच जोडायची आणि कोणती फाइल कधी येईल ते सांगायचं, हे माझं नवीन काम. मी एमबीचे मिनिट करायला लागले. एका एमबीला सव्वादोन मिनिटं. अठरा एमबीची फाइल असली की चाळीस मिनिटं. फळ्यावर एकेकीच्या नावापुढे वेळ लिहायची. आधी सगळ्यांना बरं वाटलं, निदान कळतं तरी. पण आठवडाभरात त्या फळ्याचा सगळ्यांना राग यायला लागला आणि मग माझा. सकाळी दहालाच दिसायचं की आज आठच्या आधी सुटका नाही. कोणी म्हणे, तू लिहितेस म्हणून तेवढा वेळ लागतो. थट्टेत म्हणे, पण हसत नसे. डब्याच्या वेळी माझ्याशेजारची जागा रिकामी राहू लागली. वहिनी तेवढ्या येऊन बसायच्या. त्या एकच विचारायच्या, "आज किती गं?" मी आकडा सांगायचे. त्या डोळे मिटून घ्यायच्या.

घरी मी वडिलांना सांगितलं की मला हे नको, गुणपत्रिका परत मागा. ते ताटावरून न उठता म्हणाले की माणूस अडचणीत असताना सोडून येणं बरं दिसत नाही, आणि त्यांनी शब्द दिलाय. आई म्हणाली, जेवून घे. पुण्याचे प्रवेश सुरू झाल्याचं मी पेपरात वाचलं आणि तो पेपर रद्दीत टाकला.

मग ती संध्याकाळ आली. भाई शहरात गेले होते. साडेसहाचा सुमार असेल, अचानक वीज गेली. दर वेळी मिनिटाभरात जनरेटर धडधडायचा, त्या दिवशी नाही. एसीचा आवाज थांबला आणि त्या बिनखिडकीच्या हॉलमध्ये इतका काळोख झाला की डोळ्यांसमोरचा हात दिसेना. कोणीतरी दार ठोकलं. वॉचमन आला नाही. तो गाडीवाल्याला शोधायला हमरस्त्यापर्यंत गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही आळीपाळीने ठोकत राहिलो. डबाबंद मालासाठी बांधलेल्या भिंती, आवाज कुठे जाणार? हवा जड व्हायला लागली. एकजण रडू लागली, तिचं ऐकून दुसरी. मी केबिनमध्ये चाचपडत जाऊन फोन उचलला. पण तो फोन विजेवर चालणाऱ्या यंत्रातून जोडलेला, मुका. दोन देशांना जोडणारी तार माझ्या पायाशी होती आणि दाराबाहेर हाक मारायची सोय नव्हती.

वहिनींनी खुर्ची उचलली आणि दारावर घालायला सुरुवात केली. खुर्चीचा पाय मोडला तरी त्या थांबल्या नाहीत. मी त्यांना धरायला गेले तर त्यांचा ब्लाउज पुढून ओला लागला. त्या क्षणी मला स्वतःची गुणपत्रिका, पुणं, काही आठवत नव्हतं. ते दार उघडावं, एवढंच होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. कडी वाजली आणि बॅटरीचा उजेड आत आला. भाईच होते. सगळ्याजणी त्यांना ढकलून अंगणात धावल्या. वहिनी मात्र दारात थांबल्या. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवली.

"भाई, माझं लेकरू अजून अंगावर पितं," त्या म्हणाल्या. "मला डांबून ठेवू नका."

भाईंनी दाराची कडी हातात धरली, जणू ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्या दिवसाचं काम तसंच पडून राहिलं. भाईंनी स्वतः गाडी चालवून सगळ्यांना घरी सोडलं, आधी वहिनींना. त्यांच्या दारात सासू मुलाला खांद्यावर घेऊन उभी होती. मूल रडून रडून झोपी गेलं होतं. वहिनींनी ते काढून घेतलं आणि मागे वळून न बघता आत गेल्या.

मी शेवटची. गाडीत भाई म्हणाले की कडी उद्या काढून टाकतो. मी म्हटलं, कडी काढून काय होणार, फायली आहेत तितक्याच हळू येणार. इतकं स्पष्ट मी आयुष्यात कोणा वडीलधाऱ्याशी बोलले नव्हते. त्यांनी गाडी बाजूला घेतली. समोर एका टपरीवर पेट्रोमॅक्स जळत होती. मग ते आपणहून बोलायला लागले. आखातात एकदा त्यांनी साहेबाला त्याची चूक दाखवली होती, त्यावर साहेबाने सगळ्यांसमोर त्यांनाच अडाणी म्हटलं होतं. हे त्यांनी घरी कधीही सांगितलं नव्हतं. "तेव्हापासून न कळणारी गोष्ट विचारायला माझी जीभ उचलत नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही नका विचारू. मी विचारते."

दुसऱ्या संध्याकाळी, तिकडचं ऑफिस उघडल्यावर, भाईंनी फोन लावून माझ्या हातात दिला. माझं इंग्रजी पुस्तकी. पलीकडे त्यांच्या कॉम्प्युटर विभागातला कोणी माणूस होता. मी त्याला आमची लाइन सांगितली, त्यांच्या आवाजाचा आकडा सांगितला, आवाज लाइनच्या दुप्पट कसा होतो ते सांगितलं. तो म्हणाला की त्यांच्या यंत्रात लहान आकाराची सोय आहेच, आजवर कोणी मागितली नाही म्हणून लावली नव्हती. त्याने विचारलं, आजपासून लावू का? मी भाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. संपलं. सगळं मिळून पाच मिनिटंही गेली नसतील. आम्ही दोन महिने ज्यात घुसमटलो, ते तिकडे कोणाला ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तासाभराचं बोलणं बारा-तेरा मिनिटांत उतरलं. आम्ही कामावर आलो तेव्हा बहुतेक फायली वाट बघत होत्या. गाडी दिवसाउजेडी सुटायला लागली. मुली पुन्हा माझ्याजवळ डबा उघडायला लागल्या, आणि फळा पुसून टाकला गेला.

आता आपल्याला सोडतील, असं मला वाटलं. उलट झालं. भाई वडिलांना भेटून म्हणाले की तुझ्या मुलीवर माझं सगळं चालतं. वडील त्या दिवशी इतके खूष होते की त्यांनी येताना खाजा आणला. मी गुणपत्रिकांचा विषय काढला तेव्हा भाईंनी कपाळाला हात लावला. तू गेलीस तर लाइन कोण बघणार? रागाने नव्हे, खरोखर काळजीने. रागाने बोलले असते तर मला भांडता आलं असतं. त्या वर्षाचे प्रवेश बंद झाले. मी काचेच्या केबिनमध्ये बसून दिवे बघत राहिले. दार आता उघडं असायचं आणि मला उठून कुठे जावंसं वाटत नसे.

वाट वहिनींनी काढली. एका दुपारी त्या केबिनमध्ये येऊन म्हणाल्या की मला हे शिकव. मी विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, मला रत्नागिरी सोडून जायचं नाही, नवऱ्याचं काम इथे, पोर इथे. दिवसभर टाइप करून बोटं दुखतात. "आणि तुला इथे राहायचं नाही. मग आपण दोघी का अडून बसलोय?"

मी त्यांना शिकवायला लागले. आठाने भागायचं त्यांना आवडेना. त्या निम्मं करत, त्याचं निम्मं, परत त्याचं निम्मं. चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ. भाकरीचे तुकडे करावेत तसं बोटांनी टेबलावर दाखवत. उलटं जायचं तर दुप्पट, दुप्पट, दुप्पट. किलो आणि मेगाची गडबड त्यांची बरेच दिवस व्हायची. हजाराने गुणायचं की भागायचं, यावरून त्या स्वतःवरच चिडायच्या. पावसाळ्यात लाइन सारखी तुटायची, त्या काळात सगळं नीट बसलं. एका सकाळी मला ताप होता म्हणून मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की दिवसात कितीदा तरी लाइन गेली आणि प्रत्येक वेळी वहिनींनी ती उभी केली, टेलिफोन ऑफिसशी भांडणसुद्धा केलं.

त्यानंतर मी भाईंकडे गेले. करार संपायला काही महिने होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाट उघडलं आणि फोल्डर काढून टेबलावर ठेवलं. वहिनी आदल्या दिवशीच त्यांच्याशी बोलून गेल्या होत्या. भाई एवढंच म्हणाले, "तुझ्या बाबाला मी सांगतो. तू नको सांगू." त्यांनी सांगितलंही. वडील घरी आल्यावर ट्रंक माळ्यावरून काढून ओल्या फडक्याने पुसायला बसले.

मी पुण्याला गेले. वसतिगृहातल्या पहिल्या रविवारी मी दुपारपर्यंत झोपले. उठल्यावर आपल्याला कोणी बोलावत नाही, कुठे पोचायचं नाही, हे लक्षात आलं आणि काय करावं ते कळेना. केस धुतले, तेच कपडे परत घडी करून ठेवले. खोलीतल्या मुलीने विचारलं, फिरायला येतेस का? मी नंतर येते म्हटलं आणि बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिले.

भाईंचं काम पुढे काही वर्षं चाललं. ब्रॉडबँड गावात आला तेव्हा त्यांना हवी तेवढी लाइन मिळाली, पण तोवर तिकडचं काम मोठ्या शहरांकडे वळलं होतं. त्यांनी गाळा सोडला. वहिनींनी शहरात, बंदराच्या रस्त्याला, इंटरनेटचं छोटं दुकान टाकलं. मी सुट्टीत जाऊन आले होते. गल्ल्यामागे त्या, शेजारी स्टुलावर मुलगा चित्रं रंगवत. आखातातल्या नवऱ्याशी बोलायला आलेली एक बाई पडद्यावरचं चित्र अडकतं म्हणून तक्रार करत होती. वहिनी तिला समजावत होत्या. दुकानाला रस्त्याच्या बाजूने दार नव्हतंच, नुसतं शटर, आणि ते पूर्ण वर केलेलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. बोलायला मात्र त्यांना फारसा वेळ मिळाला नाही.